हॉकमॅन नक्की कुठला? इजिप्तचा की परग्रहावरचा? (भाच्यापुढे इज्जतीचा प्रश्न)

पन्हळीखालचा (धागाकर्ता)

मंडळी, सध्या देवगडला घरी आहे. आंब्याच्या पेट्या भरून गेल्या, पण फणस काही पाठ सोडत नाहीत. परवा भाचा (सहावीत गेलाय, मुंबईचं पाखरू) माळ्यावर चढला आणि एक पत्र्याची ट्रंक घेऊन उतरला. आमचे थोरले काका बोटीवर होते. येताना साबण, ट्रान्झिस्टर आणि इंग्रजी कॉमिक्स आणायचे. साबण आणि ट्रान्झिस्टर केव्हाच संपले. कॉमिक्सपैकी दोन शिल्लक होती, तीही वाळवीने चाखलेली.

दोन्हींत हॉकमॅन. ससाण्याचं शिरस्त्राण, उघडी छाती, पाठीवर हे भलेमोठे पंख. एका कॉमिकमध्ये तो जुन्या हत्यारांचा शौकीन गृहस्थ आहे आणि गेल्या जन्मी इजिप्तचा राजपुत्र होता. दुसऱ्यात म्हणे तो दुसऱ्या ग्रहावरचा पोलीस! भाच्याने विचारलं, "मामा, हे दोघं एकच का?" मी ठोकून दिलं, "हो." त्याने दोन्ही पानं शेजारी धरली आणि म्हणाला, "मग इथे राजपुत्र आणि इथे पोलीस कसा?"

तर जाणकारांनो, वाचवा. खरी उत्पत्ती कोणती? आणि याची शक्ती ती काय? पंख काढून ठेवतो तो माणूस, म्हणजे उघडच नुसता पोशाख. पोशाख काढला की उरतं काय?

बांगडो_फ्राय

अरे मेल्या, घारीक सुपरहिरो कित्याक म्हणतंस? काल आमचे सुकत घातलेले दोन बांगडे घेवन गेली.

जुना_रद्दीवाला

वा, आमच्या विषयाचा धागा! बसा, सविस्तर सांगतो.

तुमच्या भाच्याचं निरीक्षण बरोबर आहे. ते दोघं वेगळे आहेत. पहिला हॉकमॅन आला १९४० च्या जानेवारीत, 'फ्लॅश कॉमिक्स'च्या पहिल्याच अंकात. लेखक गार्डनर फॉक्स, चित्रकार डेनिस नेव्हिल. त्याचं नाव कार्टर हॉल. एक मित्र त्याला काचेचा जुना सुरा पाठवतो. तो हातात घेतल्यावर त्याला स्वप्न पडतं की आपण राजपुत्र खूफू होतो, आणि हाथसेट नावाच्या पुजाऱ्याने याच सुऱ्याने आपला आणि आपल्या प्रेयसीचा जीव घेतला. जाग आल्यावर रस्त्यात त्याला तीच मुलगी भेटते, या जन्मी तिचं नाव शिएरा. पुजारीही पुन्हा जन्मलेला असतोच. हिशोब चुकता करायला सगळे एकाच शहरात हजर.

उडतो कसा? त्याच्याकडे 'नववा धातू' आहे, गुरुत्वाकर्षणाला न जुमानणारा. त्याचा पट्टा कमरेला. पट्टा उचलतो, पंख फक्त वळायला. हे नीट लक्षात ठेवा, पुढे भांडण इथेच होणार आहे.

दुसरा हॉकमॅन १९६१ चा, 'द ब्रेव्ह अँड द बोल्ड' अंक ३४. काटार होल, थानागार ग्रहावरचा पोलीस. बायको शायेरा, तीही पोलीस. बिथ नावाचा एक चोर हवं ते रूप घेण्याची विद्या पळवून पृथ्वीवर येतो, त्याच्या मागावर हे दोघं येतात. इथे आल्यावर कार्टर आणि शिएरा हॉल अशी नावं घेऊन मिडवे सिटीच्या संग्रहालयात नोकरी धरतात. नावं तीच, म्हणून तुमचा घोळ झाला.

आता गंमत. ही दुसरी गोष्टही गार्डनर फॉक्सचीच! एकाच बापाने एकाच नावाची दोन पोरं जन्माला घातली. १९६१ ची चित्रं ज्यो क्यूबर्टची, आणि क्यूबर्टने पहिला हॉकमॅनही चाळीसच्या दशकात, अगदी कोवळ्या वयात काढला होता. म्हणजे दुसऱ्या कुणी येऊन मोडतोड केली म्हणावं तर तसंही नाही.

हातखंबा_फाटा

+१. पण बापाने असं केलं का?

जुना_रद्दीवाला

@हातखंबा_फाटा, काळ बदलला. पहिला आला तेव्हा तुतानखामेनच्या थडग्याला (१९२२) वीसच वर्षं होत होती, लोकांच्या डोक्यात ममी आणि शाप. युद्धानंतर सुपरहिरोंचा बाजार बसला. मग १९५६ साली फ्लॅश या जुन्या हिरोला नवीन रूपात आणलं, ते चाललं, म्हटल्यावर संपादक ज्युलियस श्वार्ट्झने एकेक जुना हिरो धुऊनपुसून बाहेर काढला. जिथे जादू होती तिथे विज्ञान. स्पुटनिक वर जाऊन आलं होतं, गागारीन जायच्या बेतात होता. त्या वर्षी पुनर्जन्म कोण विकत घेणार? परग्रह घेतला.

आगळ_घालून_सरबत

झालं. म्हणजे त्यांना पुनर्जन्म १९४० साली सुचला. आपल्याकडे गरुड केव्हाचा आहे! सगळं इथूनच गेलेलं आहे, फक्त आपण कॉपीराइट घेतला नाही.

हातखंबा_फाटा

आलं, पुष्पक विमान आलं. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

आगळ_घालून_सरबत

हसा. पण उत्पत्तीच बघायची तर गरुडाची बघा ना. आई विनता सवतीच्या कपटाने दासी झालेली. कद्रू आणि तिची नागपोरं म्हणतात, अमृत आण, मग सोडतो. हा स्वर्गात जाऊन देवांशी लढून अमृत आणतो आणि स्वतः त्यातला थेंब चाखत नाही. कुठला पट्टा नाही की धातू नाही. काचेचा सुरा हातात घेऊन झोपणाऱ्यापेक्षा हे बरं की नाही?

देवबागची_चिंगी

@आगळ, गरुड ठीक, पण मला विचाराल तर खरा सुपरहिरो संपाती. जटायूला उन्हाची झळ लागू नये म्हणून आपले पंख वर धरले आणि जाळून घेतले. जटायू सगळ्यांना माहीत, थोरला भाऊ बिचारा समुद्रकाठी बसून राहिला. पंख नसलेला पंखवाला हिरो. असं कुणी लिहिलंय का तिकडे?

जुना_रद्दीवाला

@चिंगी, जवळपास. एक्स-मेनमधला एंजल. १९६३ च्या पहिल्या अंकापासून आहे, स्टॅन ली आणि जॅक कर्बीचा. त्याचे पंख खरे, पाठीतून उगवलेले, जन्मजात वेगळेपण. श्रीमंत घरचा देखणा पोरगा, कोटाखाली पंख आवळून बांधून फिरायचा. पुढे त्याचे पंख कापावे लागतात आणि अपोकॅलिप्स नावाचा खलनायक त्याला धातूचे पंख देतो. पंख मिळतात, पोरगा पार बदलतो.

फळ्यावरची_धूळ

मी भौतिकशास्त्र शिकवतो (निवृत्तीला दोन वर्षं), म्हणून गप्प बसवत नाही.

आपल्या किनाऱ्यावर पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड आहे. पंख पसरले की साधारण दोन मीटर, वजन धरा तीन किलो. आता त्याला सगळ्या बाजूंनी तिप्पट करा. पंख सहा मीटर झाले. वजन मात्र तिनाच्या घनाने वाढणार, म्हणजे सत्तावीस पट, एक्क्याऐंशी किलो. म्हणजे एक धडधाकट माणूस. आणि पंखांचं क्षेत्रफळ वाढलं फक्त नऊ पट. पंखाच्या प्रत्येक वितीवर आधीच्या तिप्पट बोजा. शिवाय फडफडायला छातीचे स्नायू आणि ते अडकवायला छातीचं पुढे आलेलं हाड लागतं, ते आपल्याकडे नाही. घाटावरच्या कड्यावरून उडी मारली तर काही काळ तरंगाल. देवगडच्या अंगणातून उडणं अशक्य.

म्हणून मला १९४० चा तो पट्टा आवडला. लेखकाला कळलं होतं की पंखांनी भागणार नाही. वजनच काढून टाका, मग पंख सुकाणूसारखे वापरा. एंजलबद्दल मात्र शंका आहे.

जुना_रद्दीवाला

सर, एंजलची हाडं पक्ष्यासारखी पोकळ दाखवली आहेत आणि पंख सोळा फुटी. तुमच्या सहा मीटरला कमी पडतात, पण प्रयत्न प्रामाणिक आहे.

फळ्यावरची_धूळ

प्रामाणिक प्रयत्नाला दोन गुण देतो.

वेताळाचा_चेला

अवांतर: आमच्या पिढीला हे सगळं इंद्रजाल कॉमिक्समधून. मराठीत वेताळ यायचा, मॅन्ड्रेक यायचा, फ्लॅश गॉर्डनही यायचा. फ्लॅश गॉर्डनमध्ये पंखवाल्या माणसांची अख्खी जमात होती, राजा व्हल्टन, हवेत तरंगणारं शहर. अलेक्स रेमंडची ती चित्रमाला १९३४ ला सुरू झाली, म्हणजे हॉकमॅनच्याही आधी. तेव्हा पंखवाल्याचा मान आधी व्हल्टनला द्या. ढोपरापर्यंत वाळूत पाय खुपसून वाचलेला अंक अजून डोळ्यांसमोर आहे. पानांत वाळू जायची, वाचनालयवाले गुरुजी पान उलटताना झटकायचे आणि आमच्याकडे बघायचे.

सुरूच्या_बनातून

पक्षी बघणारा माणूस आहे, कॉमिक्समधलं कळत नाही. पण सरांनी समुद्रगरुड काढला म्हणून लिहितो.

आमच्या वाडीपलीकडे एका जुन्या आंब्यावर त्यांचं घरटं आहे. नर-मादी वर्षानुवर्षं तेच वापरतात, दर साली वर काटक्या चढवतात. आता ते एवढं झालंय की त्यात दोन माणसं मांडी घालून बसतील. झाडाखाली गेलात तर माशांचे काटे आणि समुद्रसापांचे मणके पडलेले दिसतात. हो, समुद्रसाप खातात ते. आगळभाऊंचा नागांचा वैरी इथे रोज जेवताना बघायला मिळतो.

आणि आवाज. जोडी मिळून ओरडते, एकाने सुरू करायचं आणि दुसऱ्याने उचलायचं. रद्दीवाल्यांनी नवरा-बायको पोलीस सांगितले तेव्हा मला आधी हेच आठवलं. पंखवाल्याची जोडी दाखवणाऱ्याने पक्षी नीट बघितले असणार असं आपलं मला वाटतं.

देवबागची_चिंगी

जोडीचा विषय निघालाच तर. इतका वेळ सगळे हॉकमॅन हॉकमॅन करताहेत, हॉकगर्लचं कुणाला पडलं नाही. शिएरा पहिल्याच गोष्टीत आहे आणि १९४१ मध्ये तिने स्वतः पंख चढवले. आम्ही टीव्हीसमोर वाढलेल्या पोरी तिलाच ओळखतो. जस्टिस लीग या सुपरहिरोंच्या टोळीच्या कार्टूनमध्ये (२००१ ला सुरू झालं) सात जणांत ती होती, तो नव्हताच! हातात गदा, तोंडात फटकळ बोलणं, आणि तिथे तिचे पंख खरे होते, काढून ठेवायचे नाहीत. २००४ मध्ये कळलं की ती थानागारची हेर म्हणून आली होती. मी दहा वर्षांची. आईने विचारलं का रडतेस, तर सांगता येईना. मैत्रीण फितूर निघाली म्हटलं. आईने दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन कुठली मैत्रीण ते विचारलं.

बांगडो_फ्राय

😂😂 आवशीचा काळीज.

हातखंबा_फाटा

ते फाल्कनचं काय? तोही पंखवालाच. आता कॅप्टन अमेरिकाची ढाल घेऊन फिरतो.

जुना_रद्दीवाला

सॅम विल्सन. १९६९, कॅप्टन अमेरिका अंक ११७, स्टॅन ली आणि जीन कोलन. न्यूयॉर्कच्या हार्लेममधला. पण गंमत अशी की आला तेव्हा त्याला पंखच नव्हते! रेडविंग नावाचा ससाणा पाळलेला आणि त्याच्याशी मनाचं बोलणं, बस. उडायचे पंख १९७४ मध्ये मिळाले, ब्लॅक पँथरने बनवून दिले. पंखांआधी पाच वर्षं नाव फाल्कन. याला म्हणतात आधी बारसं.

पक्ष्यांशी बोलणं हॉकमॅनलाही येतं, बरं का. थानागारवाल्यांकडे अ‍ॅब्सॉर्बास्कॉन नावाचं यंत्र आहे. पृथ्वीवरचं सगळं ज्ञान, सगळ्या भाषा त्यातून थेट डोक्यात.

बांगडो_फ्राय

सगळे भाषा? म्हणजे तेका मालवणी येता?

जुना_रद्दीवाला

येवकच व्हयी.

बांगडो_फ्राय

मगे सांग तेका, तुझ्या घारीक समजाव म्हणान. बांगडे परत दी.

धयकाल्याचा_पडदा

मी आजवर वाचतच होतो, आता राहवत नाही. पट्टा, पंख आणि गरुड हे तिन्ही मी एकाच रात्री डोळ्यांनी पाहिलेत.

आमच्याकडे जत्रेला दशावतार. हल्ली बोर्डावर 'ट्रिकसीनयुक्त' लिहिल्याशिवाय गर्दी होत नाही. त्या रात्री ट्रिकसीन होता गरुडाच्या आगमनाचा. मंडळाचं नाव सांगत नाही, चांगली माणसं आहेत. कामट्यांचे पंख, त्यावर रंगवलेला कागद. पितांबराखाली चामड्याचा जाड पट्टा आणि पट्ट्याच्या मागच्या कडीला तारेचा दोर. दोर वर कप्पीवरून पलीकडे, तिथे दोन गडी.

गरुड उडाला. टाळ्या. अर्ध्यावर आला आणि कप्पी अडकली. ना वर ना खाली. गरुड हळूहळू स्वतःभोवती फिरायला लागला, कधी तोंड प्रेक्षकांकडे, कधी पाठ. पाठ आली की कडी दिसायची. पेटीवाल्याने तेच तीन सूर चौथ्यांदा धरले. दशावतारात संहिता नसतेच, बोलणं जाग्यावर सुचायचं. विष्णू वर बघून म्हणाला, "हे वैनतेया, आज भूमीचा एवढा कंटाळा का?" वरून गरुड पाठमोरा असतानाच म्हणाला, "नारायणा, वारो पडलो!" मांडव कोसळायचा बाकी. शेवटी कुणीतरी देवळातली शिडी आणली. विष्णूने क्षणात वळून सांगितलं, "पाहा भक्तांनो, वैकुंठाची पायरी." गरुड पायरीपायरीने उतरला, आणि उतरल्यावर विष्णूला नमस्कार केला तो मनापासून होता.

त्यामुळे 'पोशाख काढला की उरतं काय' याचं उत्तर मी त्या रात्रीच बघितलंय. जीभ.

पिंगुळीचा_पाहुणा

धयकाला, दंडवत _/\_

थोडं गंभीर. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी आहे. कागदावरची रंगीत चित्रं, एकेक चित्र समोर धरायचं, वीणा-टाळ-हुडूकच्या साथीत त्याची गोष्ट गायची, झाली की पुढचं चित्र. एका कथेच्या चित्रांच्या संचाला पोथी म्हणतात. रामायण-महाभारतातली आख्यानं. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये या कलेसाठी पद्मश्री मिळाली. मला तरी ते कॉमिकच वाटतं, फक्त फुगे कागदावर नसून सांगणाऱ्याच्या तोंडात.

आणि सांगणारा बदलला की चित्र तेच राहून गोष्ट थोडी हलते. म्हणून मला गार्डनर फॉक्सचं विशेष वाटलं नाही. त्याच चित्रावर वीस वर्षांनी त्याने दुसरं आख्यान लावलं.

फळ्यावरची_धूळ

ते ठीक आहे, पण दोन्ही आख्यानं एका वेळी खरी कशी? सहावीतल्या मुलाला हे उत्तर चालणार नाही.

जुना_रद्दीवाला

सर, प्रकाशकांनाही हा प्रश्न पडला आणि त्यांनी तो आणखी बिघडवला. आधी म्हणाले, दोन वेगळ्या पृथ्वी, एकेकीवर एकेक. मग १९८५-८६ मध्ये सगळ्या पृथ्वी मिळून एक केली. मग १९८९ मध्ये टिमथी ट्रुमनने थानागारची गोष्ट नव्याने, काळोखी करून सांगितली. छान होती. पण नंतर ठरलं की हे सगळं आत्ता घडतंय, म्हणजे हॉकमॅन पृथ्वीवर नुकताच आलाय. मग इतकी वर्षं जस्टिस लीगमध्ये होता तो कोण? ते निस्तरायला आणखी गोष्टी. १९९४ मध्ये सगळे हॉकमॅन एकात कालवले, शिळ्या भातासारखे. पुढे इजिप्तमध्ये थानागारचंच यान पडलं होतं असं जुळवलं. शेवटी २०१८ मध्ये रॉबर्ट व्हेंडिटीने सरळ सांगितलं की हा आत्मा नुसता काळातून नाही, अवकाशातूनही जन्म घेत फिरतो. कधी इजिप्तमध्ये, कधी थानागारवर. दोन्ही खरे. एवढं सोपं वाक्य सुचायला इतकी वर्षं.

धातूलाही मध्येच बढती मिळाली. आता 'एन्थ मेटल' म्हणतात. वजन घालवतो, जखमा भरतो, अंगात बळ आणतो, थंडी-ऊन लागू देत नाही. म्हणूनच बाबा छाती उघडी ठेवून आकाशात हिंडतो.

आगळ_घालून_सरबत

आत्मा जन्म घेत फिरतो! मी काही बोलत नाही. फक्त सरबत पितो.

पन्हळीखालचा (धागाकर्ता)

सगळ्यांना धन्यवाद. काल रात्री ओटीवर बसून अख्खा धागा भाच्याला वाचून दाखवला. आजी पण ऐकत होती. तिने गरुडाच्या आईपाशी डोळे पुसले आणि शिडीपाशी पदर तोंडाला लावला.

भाच्याचा निकाल: दोन्ही खरे हे त्याला लगेच पटलं. "आपण नाही का मुंबईत पण राहतो आणि इथले पण आहोत." सर, तुमचं गणित त्याने वहीत उतरून घेतलंय आणि ते मात्र त्याला पटलेलं नाही. वजन काढता आलं तर पंख कशाला, हातानेही वळता येईल, असं त्याचं म्हणणं.

रद्दीवाले, एक राहिलं. पोलीसवाल्या कॉमिकची शेवटची पानं वाळवीने खाल्लीत. तो बिथ सापडतो का? पोरगा दोन दिवस त्यावर अडून बसलाय.

जुना_रद्दीवाला

सापडतो. पकडतात दोघं मिळून. आणि पृथ्वीवरच्या पोलिसांची पद्धत शिकायची म्हणून इथेच थांबतात.

हातखंबा_फाटा

आपल्या पोलिसांची पद्धत शिकायला परग्रहावरून?? हलके घ्या.

फळ्यावरची_धूळ

भाच्याला सांगा, हाताने वळता येतं, पण पंखाइतकं लवकर नाही. हवेत ढकलायला पृष्ठभाग हवा. होडीत वल्हं न घेता नुसता पंजा पाण्यात घालून वळवून बघ म्हणावं. पुढचा प्रश्न पाठव.

पन्हळीखालचा (धागाकर्ता)

सर, सांगतो. पण तो सकाळपासून दिसला नाही. आजीचा चामडी पट्टा, म्हणजे आजोबांचा, खुंटीवर नाही. आणि आत्ता पाणी काढायला गेलो तर विहिरीवरची कप्पी गायब आहे.

माळ्यावर काहीतरी वाजतंय. बघून येतो.